यादीतले दोन नारायणस्वामी

कनकाने एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम मोडीत काढायचा असं ऑफिसात ठरलं, तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. नुसतं सांगितलं. तेही यश वाघचौरेने, हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन, तिच्या टेबलाच्या कडेला अर्धं बूड टेकवून. आठ महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेला हा सत्तावीस वर्षांचा मुलगा आता तिचा टीम लीड होता, आणि टीम लीडने खुर्चीत बसून बोलू नये असा काही नियम तिकडे असावा.

“कनकाताई, तुमची ती डायलिसिसवाली सिस्टीम आपण रिटायर करतोय हं,” तो म्हणाला. “खूप राबली बिचारी.”

कनकाने स्क्रीनवरून नजर काढली नाही. बिचारी म्हणे! चेन्नईत मंदवेळी भागातल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात ही बिचारी रोज सकाळी यादी काढत होती. चोवीस खाटा, दिवसाला तीन पाळ्या. कोण कुठल्या खाटेवर, कुणाचं वजन किती, कुणाला कुठलं इंजेक्शन चालत नाही. पूर आला, केंद्राचे तीन मॅनेजर बदलले, सर्व्हर दोनदा जळला, पण यादी निघाली नाही किंवा चुकीची निघाली असं एकदाही झालं नव्हतं. तेवढ्या काळात या महाशयांनी तिसरीच्या वर्गापासून तिच्या टेबलाच्या कडेपर्यंत मजल मारली होती.

“नवीन कोण लिहिणार?” तिने विचारलं.

“मी,” यश म्हणाला, आणि पेल्यातली उरलेली कॉफी एका घोटात संपवून पेला तिच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकून गेला.

कनकाला त्याचा राग आला असं म्हणणं खरं नाही. राग आपल्या बरोबरीच्या माणसाचा येतो. यशविषयी तिला जे वाटायचं ते वेगळं होतं. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात त्या सातव्या मजल्यावर अशी मुलं दर वर्षी यायची. आल्यावर आधी उकाड्याला नावं ठेवायची, मग सांबाराला, मग तमिळ लोक हिंदी बोलत नाहीत म्हणून नाक मुरडायची, आणि हे सगळं उरकलं की जुन्या प्रोग्रॅमकडे वळायची. यश तर मराठी. त्यामुळे कनका मराठी बोलते हे कळल्यावर त्याला सुरुवातीला फार आनंद झाला होता. मग ती बोलली, आणि त्याचा चेहरा एखाद्या लहान मुलाने पाढे चुकवल्यावर पाहुण्यांचा होतो तसा झाला.

कनकाच्या घरची मराठी तंजावरची. तिचे पूर्वज तिकडे गेले ते तिथलेच झाले, आणि घरात भाषा तेवढी राहिली. त्या भाषेत तमिळ शब्द होते, तमिळ हेल होता, आणि महाराष्ट्रात कधीच विसरून गेलेली रूपं होती. आपली भाषा जुनी आहे हे कनकाला ठाऊक होतं. ती चुकीची आहे हे यशने शोधून काढलं.

झालं होतं असं. जानेवारीत केंद्राची मॅनेजर दिव्यश्री ऑफिसात आली होती आणि यश तिला नवीन सिस्टीमचे बेत सांगत होता. कनकाचा प्रोग्रॅम साधा होता. सकाळच्या पाळीला कोण कोण, असं डेटाबेसला विचारायचं. डेटाबेस एकेक ओळ देत जातो. त्या ओळी एका अ‍ॅरेत, म्हणजे समजा एका लांबलचक फडताळात, आल्या तशा एकामागून एक ठेवत जायचं, पहिली पहिल्या कप्प्यात, दुसरी दुसऱ्या. मग लूप लावून पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंत फिरायचं आणि नावं छापायची. पेशंटची ओळख म्हणजे त्याचा फाइल नंबर. यात अक्कल पाजळायला जागा नव्हती, म्हणून चुकायलाही नव्हती.

यशला हेच खुपत होतं. “एक माणूस शोधायला अख्ख्या फडताळासमोरून फिरायचं?” तो दिव्यश्रीला इंग्रजीत म्हणाला. “मी प्रत्येक कप्प्यावर पेशंटचं नाव लावणार. नाव घ्या, थेट तोच कप्पा उघडेल. आणि हे फाइल नंबर कशाला? पेशंट म्हणजे नंबर नव्हे, माणूस.”

दिव्यश्रीला ते वाक्य फार आवडलं. तिने ते लिहूनसुद्धा घेतलं. दिव्यश्रीला लिहून घेण्यासारखी वाक्यं आवडायची, ट्रस्टच्या वार्षिक अहवालात ती कामाला यायची.

नंबर काढू नका, एवढंच कनकाला म्हणायचं होतं. ते नीट समजावून सांगावं म्हणून ती यशकडे वळून मराठीत म्हणाली, “थांब रे, मी एक सांगूंलालें—”

“सांगूंलालें!” यश मोठ्यांदा हसला. “अय्यो, कनकाताई, किती क्यूट! परत म्हणा ना!” मग तो दिव्यश्रीला आणि शेजारी बसलेल्या सहानाला इंग्रजीत समजावू लागला की ‘सांगते आहे’ला या ‘सांगूंलालें’ म्हणतात, आमच्याकडे पणजीसुद्धा असं बोलत नाही. सहाना ही टीममधली नवीन मुलगी. तिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी तीही हसली, कारण लीड हसत होता. दिव्यश्री तर हसलीच. कनका एकावन्न वर्षांची होती, आणि एकावन्नाव्या वर्षी तिला क्यूट म्हणून वर परत म्हणा म्हणण्यात आलं होतं.

“काय सांगत होतात तुम्ही?” हसून झाल्यावर यशने विचारलं.

“काही नाही,” कनका इंग्रजीत म्हणाली. त्यानंतर ती ऑफिसात कुणाशीही मराठीत बोलली नाही. यशला ते दीड महिना लक्षातही आलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी त्याचा कोड तिच्याकडे तपासायला आला. ऑफिसचा नियम असा की कुणीही काही लिहिलं की दुसऱ्याने ते वाचायचं, आणि ‘मंजूर’ असं बटण दाबल्याशिवाय ते पुढे जायचं नाही. यशने पाठवताना खाली लिहिलं होतं, ‘ताई, औपचारिकता आहे, सावकाश बघा.’ कनकाने सावकाश बघितलं. पहिल्या पानावर भरपूर टिपा होत्या आणि खाली काम थोडं होतं. दुसऱ्या पानावर तर स्वतःचंच कौतुक होतं, अमुक इतक्या पट वेगवान वगैरे. चोवीस नावांच्या यादीला वेग कशाला हवा होता हे त्याचं त्याला ठाऊक. तिसऱ्या पानावर तिला ती ओळ दिसली.

डेटाबेसमधून ओळ आली की तिच्यातलं नाव घ्यायचं, अ‍ॅरेत त्या नावाचा कप्पा करायचा, आणि ओळ त्यात ठेवायची. बस. कनकाने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला. एकाच नावाची दुसरी ओळ आली तर अ‍ॅरे नवीन कप्पा करत नाही. आहे त्याच कप्प्यात दुसरी ठेवतो आणि पहिली फेकून देतो. तक्रार करत नाही, काही नाही. लूप फिरतो तेव्हा त्याला एकच माणूस भेटतो. पहिला कधी होता हेसुद्धा कुणाला कळत नाही.

खाली यशने चाचणीसाठी घेतलेली दहा नावं होती. वाचता वाचता कनकाला हसू फुटलं. कुठल्यातरी नाशिकच्या वर्गाचा हजेरीपट असावा. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. एकेक नाव सबंध ओळभर. अशा नावांचे दोघे कुठे सापडणार? वाघचौरे तर सबंध चेन्नईत हा एकटाच असेल. त्याला वाटलं सगळ्या जगाची नावं अशीच लांबरुंद असतात. इथे आडनाव नसतं, बापाच्या नावाचं एक अक्षर असतं आणि पुढे स्वतःचं नाव असतं, हे इतके महिने या शहराचं पाणी पिऊनही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. फॉर्मवरचं ते ‘एस.’ त्याला काय वाटत होतं कोण जाणे.

आणि ‘एस.’ म्हटल्याबरोबर कनकाला दोन नारायणस्वामी आठवले.

केंद्रात त्यांना सगळे ओळखत. तिरुवल्लिक्केणीला राहणारे हे दोघे चुलतभाऊ, तिच्यासारखेच तंजावरकडचे मराठी. थोरल्याचे वडील सेतुमाधव, धाकट्याचे सुब्बाराव. या घराण्यांत पहिल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, मग सख्ख्या भावांच्या घरी एकाच नावाचे दोन मुलगे झाले तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. आजोबा नारायणस्वामी, म्हणून हे दोघेही एस. नारायणस्वामी. आजोबाकडून दोघांना मूत्रपिंडंही तीच मिळाली, वयाच्या साठीला बंद पडणारी. थोरला जॉर्ज टाउनमध्ये एका कागदाच्या घाऊक दुकानात चाळीस वर्षं कारकून होता, धाकटा शाळामास्तर. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळची पाळी दोघांनी मुद्दाम मागून घेतली होती, म्हणजे एका रिक्षात येता येतं आणि चार तास शेजारच्या खाटांवर पडून भांडता येतं. केंद्रातल्या नर्सेस थोरल्याला पेरियवर म्हणत, धाकट्याला चिन्नवर. कनका महिन्यातून एकदा तिकडे गेली की थोरला खाटेवरूनच हाक मारायचा, “काय गे कनका, तुझ्या पेट्टींत आमचीं दोघांचीं नांवं आहेत की?” आणि ती म्हणायची, “आहेत हो, मामा. वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत.”

तिने एक ओळ टीप लिहिली असती तरी काम झालं असतं. ‘नाव नको, फाइल नंबर वापर.’ इतकंच. तिने टीप लिहायची जागा उघडलीसुद्धा. मग तिला सोमवार आठवला.

सोमवारी दिव्यश्री आणि ट्रस्टचे दोन विश्वस्त नवीन सिस्टीम बघायला यायचे होते. खऱ्या पेशंटांची खरी यादी मोठ्या पडद्यावर लावून यश त्यांना दाखवणार होता. आणि दिव्यश्रीला दोन नारायणस्वामी पक्के ठाऊक होते. शनिवारची सकाळ लावली की चोवीस खाटांपैकी तेविसांवर नावं येतील, दिव्यश्री म्हणेल पेरियवर कुठे गेले, आणि माणूस-नंबर-नव्हे-वाले साहेब तिथल्या तिथे तोंडघशी पडतील. तेव्हा मग कनका बोलेल. तंजावरच्या मराठीत बोलेल, सबंध वाक्य, सावकाश.

तिने टीप मिटली आणि ‘मंजूर’ दाबलं. पुढची चार पानं तिने वाचली नाहीत. तिसऱ्या पानावरच तिचं इतकं समाधान झालं होतं की पुढे वाचायची गरजच वाटली नाही.

बुधवार संध्याकाळ आणि गुरुवार तिचे फार मजेत गेले. यश येता-जाता दिसला की ती गालातल्या गालात हसायची. त्याचा तो निळा शर्ट, तो रिकामा कागदी पेला, मिटिंगमध्ये ‘बेसिकली’ म्हणायची त्याची खोड, सगळंच तिला आता आवडायला लागलं होतं. तिने घरी नवऱ्याला, व्यंकटला, सांगितलं की सोमवारी आमच्या ऑफिसात एक तमाशा आहे. काय ते सांगितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ती घरी कॉफी गाळत असताना फोनवर टीमच्या ग्रुपमध्ये यशचा निरोप आला. दिव्यश्रीच्या विनंतीवरून नवीन सिस्टीम उद्या शनिवारपासूनच केंद्रात सुरू करत आहोत. विश्वस्तांना सोमवारी चालू काम दाखवायचं आहे. सर्वांचे आभार, विशेषतः कनकाताईंचे. खाली सहानाने टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते.

कनका गाळणं हातात धरून उभी राहिली. उद्या शनिवार होता. दोघांची पाळी.

तिने यशचा नंबर काढला. दाबायचा तेवढा बाकी होता. फोन केला तर काय होईल? यश म्हणेल, अरे हो, थँक्यू ताई, आणि पाच मिनिटांत दुरुस्त करून टाकेल. सोमवारी मोठ्या पडद्यावर सगळं झकपक दिसेल. तिचा प्रोग्रॅम जाईल तो कायमचा जाईल, आणि त्याला घालवायला तिनेच हात लावलेला असेल. आणि फोन नाही केला तर? तर सकाळी पेरियवर येतील, यादीत नाव नसेल. नसलं तर नसलं! माणूस समोर उभा दिसतो ना? वर्षानुवर्षं त्याला ओळखणारी श्रीविद्या रिसेप्शनला बसते. ती म्हणेल ही कसली यादी, चला आत मामा. खाट तर रिकामीच असणार. माणसाचं काही जाणार नाही, आणि यशची फजिती सोमवारची शनिवारीच होईल, तीही खुद्द केंद्रात. कनकाने हे सगळं नीट जुळवून पाहिलं. तिला त्यात खोट दिसली नाही. तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि कॉफी गाळून घेतली.

शनिवारी कुणाचाच फोन आला नाही. रविवारीही नाही. कनकाला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

सोमवारी साडेदहाला यश तिच्या टेबलाशी आला. कडेवर बसला नाही, उभा राहिला. “ताई, एक पेशंट यादीत दिसत नाहीये,” तो म्हणाला. “एस. नारायणस्वामी. म्हणजे दिसतोय, पण केंद्रवाले म्हणतात तो नव्हे, दुसरा.”

“मग?” कनका म्हणाली.

“तो आयसीयूत आहे.”

विश्वस्त आले नाहीत. मोठा पडदा कुणी लावलाच नाही. तासाभरात यशने ती ओळ स्वतःच शोधून काढली, स्वतःच बदलली, आणि टॅक्सी करून सरकारी इस्पितळाकडे निघून गेला. सहाना टेबलाशी बसून रडत होती. काय झालं ते कनकाला तिच्याकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळलं. श्रीविद्या रिसेप्शनला नव्हतीच. नवीन सिस्टीम कुणालाही चालवता येते म्हणून दिव्यश्रीने तिला दुसऱ्या कामावर हलवून तिथे सुष्मिता नावाची चार दिवसांची मुलगी बसवली होती. आणि खाट रिकामी राहिलीच नव्हती. नवीन सिस्टीमने रिकामी खाट पाहिल्याबरोबर प्रतीक्षा यादीतल्या माणसाला आपोआप निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. यशच्या पाचव्या पानावर ते सगळं लिहिलेलं होतं. कनकाने ते पान पाहिलं नव्हतं.

गुरुवारनंतर थोरल्या नारायणस्वामींचं रक्त मशीनवर धुतलं गेलं नव्हतं. सोमवारी सकाळी त्यांच्या छातीत पाणी भरलं.

मंगळवारी अकराला केंद्रातल्या ट्रस्टच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं होतं. कनका यशबरोबर त्याच टॅक्सीत बसून गेली. अड्यारचा पूल येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “काल रात्रभर व्हेंटिलेटरवर होते. आज सकाळी जरा बरे आहेत म्हणतात.” कनका हूं म्हणाली. त्याचा शर्ट कालचाच होता. असल्या गोष्टीवरही तिला एरवी काहीतरी सुचलं असतं.

खोलीत दिव्यश्री होती, एक विश्वस्त होते, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर धाकटे नारायणस्वामी बसले होते. त्यांची मंगळवारची पाळी नुकतीच संपली होती आणि हाताला पट्टी तशीच होती. कनकाला पाहून ते उठायला गेले.

“बसा हो, मामा,” ती म्हणाली.

“बघ की गे, कसं झालं,” ते म्हणाले. मग त्यांना बोलावंसं वाटलं आणि ते बोलत गेले. दिव्यश्रीला कळावं म्हणून मधेच तमिळमध्ये शिरत, पण पुन्हा पुन्हा कनकाकडेच वळत. “माझ्या हातांत सुया घातलेल्या. मज उठूं येईना. हा दारांत उभा. ती पोरगी म्हणाली, आज तुमचं नांव नाही, घरीं जा. मी ओरडूंलालों, भांड रे, आंत ये, मी उठतों. तो काय म्हणाला ठाऊक? म्हणाला, भांडूं नोको. ती कनकाची यादी. ती कधीं चुकलीच नाही. तींत माझं नांव नाही तर आज माझी पाळी नसेल, मीच वार विसरलों असेन. चार तास बाहेर बाकावर माझी वाट पाहत बसला आणि माझ्याबरोबर रिक्षांत घरीं आला; वाटेंत किती सांगितलं, ऐकेना. तुझी यादी म्हणून आला गे तो घरीं! त्याला कुठे ठाऊक, तुझी काढून दुसरी घातली म्हणून.”

विश्वस्तांनी घसा साफ केला आणि विचारलं, हे कुणाचं काम?

कनकाला वाटलं होतं, आता यश खापर फोडायला डोकं शोधेल. सुष्मिताचं, दिव्यश्रीचं, फाइलींचं, तमिळ नावांच्या पद्धतीचं. तिला तेच हवं होतं. आत्तासुद्धा हवं होतं, म्हणजे त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनवता आले असते आणि त्या चार शब्दांमागे तिला उभं राहता आलं असतं.

यश उभा राहिला. “माझं,” तो म्हणाला. “मी नावाने कप्पे केले. एका नावाचे दोघे असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चाचणीला मी माझ्या वर्गमित्रांची नावं घेतली होती. इथली यादी घेऊन एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं. दुसऱ्या कुणाची चूक नाही.” मग तो धाकट्या नारायणस्वामींसमोर गेला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते गडबडले आणि पट्टीचा हात मागे घेत म्हणाले, “इरुक्कट्टुम, पा. असूं दे.”

“पण कोड दोघांनी बघायचा तुमचा नियम आहे ना?” दिव्यश्रीने विचारलं. “दुसरं कुणी बघितलं नव्हतं?”

यश कनकाकडे वळला. त्याच्या नजरेत शंका नव्हती. आशा होती, आणि ती बघणं फार वाईट होतं. “कनकाताईंनी बघितला होता,” तो म्हणाला. मग मराठीत, हळू आवाजात, “ताई, तुम्हालासुद्धा दिसलं नव्हतं ना?”

धाकटे नारायणस्वामी तिच्याकडे बघत होते. दिव्यश्री बघत होती. एका वाक्याचं काम होतं. दिसलं होतं, मी सांगितलं नाही. ते वाक्य दोन्ही मराठीत सारखंच झालं असतं.

“नाही,” कनका म्हणाली. “नाही दिसलं.”

यशने सुटकेचा श्वास सोडला. त्याला रडू येत होतं. “यांना दिसलं नाही म्हणजे खरंच कुणालाही दिसलं नसतं,” तो विश्वस्तांना इंग्रजीत म्हणाला.

“तिला कसं दिसणार?” धाकटे नारायणस्वामी म्हणाले. “दुसऱ्याचं लिहिलेलं. ती लिहिती तर असं होतं का?”

विश्वस्तांनी मान हलवली. दिव्यश्रीने वहीत काहीतरी लिहून ती मिटली आणि म्हणाली की नवीन सिस्टीम आजच्या आज बंद करा. कनका मॅडमचा जुना प्रोग्रॅम परत लावा आणि आता तो कुणीही बदलायचा नाही. यापुढे केंद्राचं सगळं काम मॅडमच बघतील. आमचा त्यांच्यावर विश्वास आहे.

रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर तो बसवायला कनकाला वीस मिनिटं लागली. सुष्मिता खुर्ची देऊन बाजूला उभी राहिली होती. तिचे डोळे रडून सुजले होते. तिने दोनदा विचारलं, “मॅम, मी त्यांना आत घ्यायला हवं होतं ना?” कनकाने गुरुवारची सकाळची यादी काढली. सतराव्या ओळीवर एस. नारायणस्वामी होते आणि अठराव्या ओळीवर एस. नारायणस्वामी होते. सुष्मिताने विचारलं की सतरावे गुरुवारी येतील की नाही, नाहीतर ती खाट कुणाला द्यायची.

“कुणाला देऊ नकोस,” कनका म्हणाली. “ते आले तर म्हणावं, यादी कनकाची नाही, तिच्यावर विसंबू नका.”

“पण मॅम, ही तर तुमचीच आहे,” सुष्मिता म्हणाली.

कनका उठली. बाहेर यश टॅक्सी थांबवून तिची वाट बघत होता. तिने त्याला हात करून जायला सांगितलं आणि बसच्या थांब्याकडे चालत निघाली.